चंद्रोदय ते पहिला घास

आमच्या सासूबाईंच्या अंगात दोन यंत्रं होती आणि तरी त्यांची संकष्टी काही सुटत नव्हती. एक यंत्र हृदयाला ठोके द्यायचं, दुसरं इन्सुलिन. डॉक्टर ओरडून ओरडून थकले, निनादनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हात टेकले. मी मात्र दर महिन्याला नव्यानं भांडायची. "आई, मधुमेह आहे तुम्हाला, दिवसभर उपाशी काय राहता?" असं म्हटलं की त्या शांतपणे म्हणायच्या, "निनाद आहे ना समोर हिंडता-फिरता? मग झालं तर."

निनाद सहा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. नऊ दिवस बेशुद्ध. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी "तयारी ठेवा" म्हणून सांगितलं, तेव्हा आईंनी दवाखान्याच्या पायरीवर बसून गणपतीला शब्द दिला: याला उठव, मी मरेपर्यंत एकही संकष्टी मोडणार नाही, चंद्र उगवल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालणार नाही. निनादनं त्या संध्याकाळी वरणभात मागितला. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. एक जरी संकष्टी मोडली तर दिलेलं परत जाईल, असं त्यांच्या मनानं पक्कं घेतलं होतं, आणि तिथं माझी वकिली चालत नव्हती. मी देव मानत नाही. मी प्रोग्रामर आहे, आणि लोक म्हणतात त्याप्रमाणे थोडी फटकळ आहे.

भांडून उपयोग नाही म्हटल्यावर मी त्यांच्यासाठी कोड लिहिला.

थोडं यंत्राबद्दल सांगते, कंटाळू नका. पूर्वी पेसमेकरचा संगणक वेगळा, इन्सुलिन पंपाचा वेगळा, प्रत्येकाची बॅटरी वेगळी. आमच्या कंपनीनं, देहसूत्रनं, सगळ्यांना मिळून एकच चिप काढली. गळ्याच्या हाडाखाली बसवायची, शर्टाच्या बटणाएवढी. तिचं नाव 'अंगण'. ज्याला जे लागेल ते मॉड्यूल डॉक्टर त्यात चढवणार: हृदय, साखर, रक्तदाब. मॉड्यूल म्हणजे एका कामाचा सगळा कोड एका घरात ठेवायचा, आणि त्या घराच्या दारावर नावाची पाटी लावायची. त्या पाटीला आम्ही नेमस्पेस म्हणतो. ती कशाला लागते? आमच्या गल्लीत तीन पाटील आहेत. खालून नुसतं "ओ पाटील!" ओरडलं की तिघंही गॅलरीत येतात. "दूधवाले पाटील" म्हटलं की एकच येतो. कोडचंही तसंच. साखरेच्या मॉड्यूलमध्ये 'विराम' नावाची एक आज्ञा होती, इन्सुलिन थांबवणारी. हृदयाच्या मॉड्यूलमध्येही 'विराम' होती, ठोके देणं थांबवणारी. ही दुसरी फक्त दवाखान्यात वापरायची, डॉक्टरांसमोर, हृदय स्वतःहून किती चालतं ते बघायला, चार-पाच सेकंद. पाटी लावून हाक मारली, 'साखर'चा विराम किंवा 'हृदय'चा विराम म्हटलं, की घोटाळा नाही. पाटी न लावता नुसतं 'विराम' म्हटलं, तर संगणक तिघांना गॅलरीत बोलावत बसत नाही. सगळ्यात शेवटी जो राहायला आला तोच पाटील, असं धरून चालतो आणि कोणाला सांगतही नाही.

माझ्या मॉड्यूलचं नाव 'उपवास'. सकाळी फोनवर एक बटण दाबायचं, चिप दिवसभर इन्सुलिन कमी देणार. रात्री त्या त्या गावच्या चंद्रोदयाला, चिपमध्येच भरलेल्या पंचांगाच्या वेळेप्रमाणे, विराम घेणार, म्हणजे इन्सुलिन पूर्ण बंद. माणूस जेवायला बसला आणि त्यानं 'जेवले' बटण दाबलं, की विराम उठणार आणि पाच मोदकांना पुरेल एवढा डोस जाणार. कोणाला चंद्रोदयाआधीच उपवास मोडावा लागला, तर तेव्हाही 'जेवले' दाबायचं. उपवास तिथंच संपला, विरामाची भानगडच नाही. वर्षभरात चाळीस हजार लोक हे वापरायला लागले. आईंनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले आणि "आमच्या केतकीनं केलंय" म्हणून मिरवल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा आमचं बरं चाललं होतं.

मग मला त्यात सुधारणा करायची हुक्की आली. उपवासात काहींना घेरी यायची, म्हणून ठोक्यांवर लक्ष ठेवावं असं ठरलं. हृदयच्या घरातून मला एकच वस्तू हवी होती, ठोक्यांचा आकडा. 'हृदयमधून ठोके घे' एवढंच लिहायचं होतं. मी लिहिलं, 'हृदयमधून सगळं घे.' का? कंटाळा. पुढं आणखी काही लागलं तर पुन्हा लिहायला नको, म्हणून. आणि माझ्या स्वतःच्या फाइलमध्ये मी 'विराम'ला कधी पाटीच लावली नव्हती, कारण आतापर्यंत त्या नावाचं तिथं दुसरं कोणी नव्हतं. त्या 'सगळं'मध्ये हृदयचा विराम आला, शेवटी राहायला आला, आणि माझ्या फाइलमधला पाटील तो झाला.

कोड तपासला शबाना मुजावरनं. हृदय टीमची प्रमुख, माझी वीस वर्षांची मैत्रीण. तिनं विचारलं होतं, "केतकी, चंद्र उगवल्यावर तुमच्यात किती वेळात खातात?"

"लगेच गं," मी म्हटलं.

"म्हणजे आमच्यासारखंच. अजान झाली की खजूर तोंडात." आणि तिनं चाचणीत चंद्रोदय आणि 'जेवले' यांच्यात एक सेकंद ठेवला. एका सेकंदाच्या विरामात एखादा ठोका चुकला असेल, तो पडद्यावर कोणाला दिसणार?

लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि संकष्टीला मी एकदाही गच्चीवर गेले नव्हते. आधी चंद्राला अर्घ्य, मग आरती, मग अथर्वशीर्ष, मग नैवेद्य, मग घरातल्या सगळ्यांची पानं, आणि शेवटी स्वतःचा घास. अर्धा तास कुठंच गेला नाही. मी तेवढा वेळ खाली लॅपटॉप घेऊन बसायची आणि पान मांडलं की थेट मोदकावर हात मारायची. म्हणून मी "लगेच गं" म्हटलं.

कोजागरी होऊन चार दिवस झाले होते. नवी आवृत्ती त्या दुपारी बारा वाजता सगळ्यांच्या चिपांमध्ये गेली. लोकांनी उपवासाचं बटण सकाळीच दाबलेलं होतं, त्यामुळं दिवसभर सगळं सुरळीत. रात्री आठला ऑफिसात मी आणि शबाना दोघीच होतो. मदतीच्या फोनवर तिची पाळी होती आणि मी घरी जायच्या तयारीत होते.

आठ वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. गोंदियाचा एक माणूस रडत होता. "माही बायको गच्चीवर पडली जी, अर्घ्य देता देता पडली, श्वास नाही घेत!"

शबानानं तिचं नाव पडद्यावर उघडलं आणि तिचा चेहरा उतरला. "हिच्या हृदयाला विराम लागलाय. कोणी लावला? दादा, ऐका माझं. तिचा फोन कुठाय?"

"खाली, सैपाकघरात."

"पळा! फोन आणा आणि तिचंच बोट 'जेवले'वर टेकवा. तिचंच बोट, तुमचं नाही!"

तो पळाल्याचा आवाज आला. अंगातल्या यंत्राला हुकूम द्यायचा तर ज्याचं अंग त्याचंच बोट लागतं, तसा कायदाच आहे. आम्ही इथून काही दाबू शकत नव्हतो.

आठ-आठला नागपूरहून दोन नावं लाल झाली. दोघांनाही विराम. मी माझी फाइल उघडली आणि ती ओळ बघितली.

"शबाना, मी केलंय हे," मी म्हटलं. "तुझा विराम माझ्याकडं आलाय. चंद्र उगवला की हृदय थांबतं, ते 'जेवले' दाबेपर्यंत."

"पण लगेच दाबतात ना? तू म्हणालीस लगेच."

"आरती असते मध्ये. अर्धा तास."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच जमिनीत जावंसं वाटलं. "हे मला कोण सांगणार होतं, केतकी?"

आवृत्ती मागं घ्यायला चाळीस मिनिटं लागतात, कारण प्रत्येक चिप नवा कोड आधी स्वतः तपासते, मगच घेते. तो आदेश आम्ही सोडला, सगळ्यांच्या फोनवर धोक्याचा संदेशही सोडला. पण आरतीच्या तयारीत कोण फोन बघतंय? चंद्र पूर्वेकडून येतो. गोंदियाला आठ-तीन, नागपूरला आठ-आठ, सांगलीला आठ-एकतीस. दोन्ही यंत्रं असलेले, उपवास चालू असलेले, नवी आवृत्ती घेतलेले किती, ते मी काढलं. त्रेसष्ट. तिघं पडले होते. साठ उरले होते. यादी चंद्रोदयाच्या वेळेप्रमाणे लावली तर पन्नासाव्या ओळीवर होतं: शोभना कुंभोजकर, सांगली, ८:३१. आमच्या आई. निनाद रत्नागिरीला पुलाच्या कामावर गेलेला, घरात त्या एकट्या.

"क्रमानं जायचं," शबाना म्हणाली. "एक तू, एक मी. ज्याला कमी वेळ, तो आधी."

माझ्या वाट्याला पहिलं नाव आलं वर्ध्याच्या दामोदर ढोल्यांचं, ८:११.

"काका, मी देहसूत्रमधून बोलतेय..."

"लोन-बिन नको मले बाई."

"लोन नाही हो! हात जोडते, आत्ताच्या आत्ता फोनवर 'जेवले' दाबा आणि काहीतरी गोड तोंडात टाका."

"चंद्र निंघाचा हाये अजून."

"चंद्र निघाला की तुमचं हृदय बंद पडणार आहे, काका!"

"असं सरळ सांगा नं मंग," ते म्हणाले, आणि पडद्यावर त्यांचं नाव हिरवं झालं. मला रडूच आलं. पुढचं नाव होतं यवतमाळच्या उज्ज्वला गावंडे यांचं, ८:१४. घड्याळात आठ-अकरा. तीन मिनिटं होती, पुरेशी होती.

मी आईंना फोन लावला.

का लावला, ते विचारू नका. त्यांना अजून वीस मिनिटं होती, उज्ज्वलाबाईंना तीन. मला सगळं समोर लिहिलेलं दिसत होतं आणि तरी बोट तिकडंच गेलं. भीतीनं माझी अक्कल गेली होती, एवढंच खरं आहे.

"आई, फोनवर 'जेवले' दाबा आणि गुळाचा खडा खा. आत्ता."

"अगं, चंद्रोदय एकतीसला आहे. आज तुला कसं आठवलं?"

"माझ्या हातून चूक झालीय. चंद्र उगवला की तुमचं हृदयाचं यंत्र थांबणार आहे. माणसं पडताहेत तिकडं नागपूरला. मीच केलंय हे, आई, माझ्यामुळं होतंय."

ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "थांबलं तर थांबलं."

"आई!"

"ओरडू नकोस. बहात्तर वर्षांची झाले मी. चार वर्षं आणखी जगायला म्हणून निनादच्या जिवाशी खेळू?"

"निनादला काही होत नाही हो गुळाच्या खड्यानं!"

"हे तू नऊ दिवस त्याच्या उशाशी बसली असतीस ना, तर म्हणाली नसतीस."

मग मी जे बोलले ते सोळा वर्षांत कधी बोलले नव्हते. "मला तुम्ही हव्या आहात. मला भांडायला दुसरं कोण आहे घरात? मी तुम्हाला मारलं तर मी निनादच्या तोंडाकडं कशी बघू? आई, पाया पडते तुमच्या, ऐका माझं!" मी हमसून हमसून रडत होते आणि शबाना एका कानाला फोन लावून माझ्याकडं बघत होती.

"बरं बरं, रडू नकोस," आई म्हणाल्या. "थांब, चष्मा लावते. कुठंय ते बटण... हां. दाबलं बघ." पडद्यावर त्यांचं नाव हिरवं झालं. "आणि हा गूळ. घेतला गं बाई तोंडात." चघळल्याचा आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. "झालं समाधान? आता दुसऱ्यांना फोन कर जा."

आठ-चौदा झाले होते. यवतमाळचा फोन मी लावला, तो वाजत राहिला. उज्ज्वलाबाई एकट्याच राहायच्या, हे मला नंतर कळलं. त्यांचं नाव लाल झालं आणि लालच राहिलं. शबानानं पुढचा नंबर लावला.

अमरावती, अकोला, नांदेड, परभणी. कोणी शिव्या दिल्या, कोणी देवाधर्माची टिंगल करता म्हणून फोन आपटला, एका बाईंनी तर मला शाप दिला आणि मग बटण दाबलं. जालन्याचे एक गुरुजी म्हणाले, "आपद्धर्म आहे, चालतं," आणि पाच सेकंदांत मोकळे झाले, त्यांच्या मी आजही उपकारात आहे. नावं हिरवी होत होती. मधेच एखादं लाल व्हायचं, मग घरातलं कोणी शुद्धीवर असलं तर आम्ही त्यांच्याकडून बोट टेकवून घ्यायचो. माझा घसा बसला होता, आणि चंद्र काही केल्या थांबत नव्हता.

आठ-चोवीसला माझी नजर सहज आईंच्या साखरेवर गेली. शहाण्णव होती, ती एक्याऐंशी झाली. बघता बघता सहासष्ट.

गूळ खाल्लेल्या माणसाची साखर अशी पडत नाही. हल्लीची इन्सुलिनं पाच मिनिटांत कामाला लागतात. 'जेवले' दाबल्याबरोबर पाच मोदकांचा डोस अंगात गेला होता, दिवसभर उपाशी असलेल्या अंगात, आणि वर एक कणही गेला नव्हता. त्यांनी मला फसवलं होतं. रडतेय म्हणून माझी समजूत घातली होती, रिकामं तोंड चघळून!

फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. त्या गच्चीवर गेल्या असणार.

"जा," शबाना म्हणाली.

"अकरा राहिलेत अजून."

"मी बघते. जा म्हणते ना!"

ऑफिसपासून घर स्कूटरवर चार मिनिटं. त्या चार मिनिटांत मी किती सिग्नल तोडले, मला आठवत नाही. मनगटावरच्या घड्याळात आईंच्या साखरेचा आकडा दिसत होता. अठ्ठावन्न. एक्कावन्न. तीन जिने मी चढले की पडले कोण जाणे, गच्चीचं दार ढकललं तर आई पाटावरून कलंडलेल्या. पूजेचं ताट समोर, निरांजन लागलेलं, अंगावरची साडी घामानं भिजून चिकटलेली. डोळे अर्धे उघडे, पण त्यांत ओळख नव्हती.

आकडा होता एक्केचाळीस. घड्याळात आठ-एकोणतीस.

ताटात गूळ-खोबरं होतं. मी गूळ बोटानं कुस्करला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शुद्ध नव्हती, स्वतःचं नाव सांगता आलं नसतं, आणि तरी ओठ मिटले. "अजून... नाही," असं काहीतरी पुटपुटल्या.

दोन मिनिटं होती. दोनच. तेवढं थांबले असते तर त्यांचा शब्द राहिला असता. मी पूर्वेकडं बघितलं. शेजारच्या इमारतीच्या टाकीमागं नुसता उजेड होता, चंद्र नव्हता. आईंना एक झटका आला आणि हातपाय ताठ झाले. आकडा अडतीस.

मी थांबले नाही. झटका सैल पडल्याबरोबर मी त्यांचा जबडा दाबून उघडला आणि गूळ गालाच्या आत, हिरडीवर चोळला. त्यांच्या जिभेनं तो बाहेर ढकलला. मी पुन्हा आत घातला. ढकलला, घातला. "घ्या हो आई, घ्या, माझ्यासाठी घ्या," मी म्हणत होते आणि चोळत होते, आणि त्या लहान मुलासारख्या मान फिरवत होत्या. शेवटी त्यांच्या घशाची हालचाल झाली. गिळलं त्यांनी. मी मनगटाकडं बघितलं, आठ-तीस.

एका मिनिटानं टाकीमागून चंद्र वर आला. हृदयाला काही झालं नाही, बटण दाबलेलं होतं. आठ-चाळीसला त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"गूळ कोणी दिला?"

"मी."

त्यांनी माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण नजर धारदार होती. "चंद्र उगवल्यावर दिलास ना?"

"हो," मी म्हटलं. "आधी चंद्र दिसला, मग गूळ."

"शपथ?"

"शपथ."

त्यांनी सुस्कारा सोडला आणि डोकं पुन्हा माझ्या मांडीवर टेकवलं. "तुला फसवलं गं मी मघाशी. रागावू नकोस," असं म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं डुलकी लागली त्यांना.

त्रेसष्टपैकी एकोणसाठ जण वाचले. चौघं गेले. गोंदियाच्या त्या बाई वाचल्या, नवरा वेळेत वर पोचला. उज्ज्वला गावंडे गेल्या. चौकशी समितीपुढं मी सगळं सांगितलं: ती ओळ, तो कंटाळा, "लगेच गं", आणि आठ-अकराला मी कोणाला फोन लावला तेही. समितीतल्या एका बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागितलं. नोकरी गेली, ते रास्तच होतं. खटला चालू आहे. शबानाशी आता बोलणं होतं, पण पूर्वीसारखं नाही. तिच्या टीमनं 'सगळं घे' ही आज्ञाच भाषेतून काढून टाकली.

गच्चीवरची ती दोन मिनिटं मात्र मी कोणालाच सांगितलेली नाहीत. निनादलाही नाही. त्याला तर नाहीच.

काल तो रत्नागिरीहून यायचा होता. सहाला घरी पोचतो म्हणाला होता. साडेसात वाजले तरी पत्ता नाही आणि फोन लागत नव्हता. आंबा घाटात रेंज जाते, मला माहीत आहे. घाटात गर्दी असते, गाडी पंक्चर होते, माणूस चहाला थांबतो, सगळं सगळं मला माहीत आहे. मी दारातून गॅलरीत आणि गॅलरीतून दारात करत होते. चौदा वेळा फोन लावून झाला होता.

आई सोफ्यावर मटार सोलत बसल्या होत्या, अगदी निवांत. दाणे भांड्यात पडत होते.

"अगं, बस की जरा. येईल तो. त्याला काही होत नाही."

"फोन का लागत नाही पण?"

"माझ्या इतक्या संकष्ट्या आहेत त्याच्या पाठीशी, एकही मोडलेली नाही. तू कशाला जीव टांगणीला लावतेस?" त्यांनी एक दाणा तोंडात टाकला आणि माझ्याकडं बघून हसल्या. "तू तर मानत नाहीस ना हे सगळं?"

"नाही मानत," मी म्हटलं, आणि पुन्हा नंबर लावला.